काळा दगड काळाच दिसावा : मोबाईलने चांगले फोटो कसे काढावेत

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची. रट्ट राजवटीतलं हे जैन मंदिर काळसर दगडाचं, आणि मंडपाच्या छतात खाली तोंड करून उमललेलं दगडी कमळ. प्रत्यक्ष पाहताना मान दुखेपर्यंत वर बघत राहावंसं वाटतं. फोटोत मात्र तेच कमळ बऱ्याचदा राखाडी आणि धुरकट येतं, आणि दाराबाहेरचा उजेड पांढरा डाग होऊन बसतो. मग लोक म्हणतात, फोन बदलायला हवा. माझं ठाम मत आहे की निम्म्याहून जास्त फोटो फोनमुळे बिघडत नाहीत. किती उजेड हवा हे आपण फोनला सांगतच नाही, म्हणून ते बिघडतात. ते कसं सांगायचं, त्यासाठी हा लेख.

आधी काच पुसा

फोन दिवसभर खिशात, पिशवीत, नाहीतर तेलकट हातात असतो. कॅमेऱ्याच्या काचेवर बोटाचा ठसा असला की दिव्याभोवती लांब रेषा उठतात आणि सगळ्या चित्रावर पांढुरकी साय धरते. धुतलेल्या मऊ सुती कापडाने हलकेच पुसा. त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन चौकटीवरच्या जाळीच्या रेषा चालू करा. क्षितिज, देवळाचा खांब, घराची भिंत सरळ आहे का, ते या रेषांवरून लगेच कळतं.

आणखी एक गोष्ट कायमची बंद करा : चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारा ब्युटी मोड. उन्हात भात लावून आलेल्या आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि तिचा सावळा रंग, हाच तर तो फोटो आहे. तो पुसून टाकायचा अधिकार फोनला देऊ नका.

उजेड कुठून येतो ते बघा

फोन वर करण्याआधी एकदा आजूबाजूला नजर फिरवा. ऊन पाठीमागून, बाजूने की समोरून? दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि सगळं सपाट दिसतं. सकाळी सूर्य उगवल्यानंतरचा आणि संध्याकाळी मावळण्यापूर्वीचा साधारण तासभर ऊन तिरपं आणि मऊ असतं. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरासारख्या कदंबकालीन देवळांच्या भिंतींवर असं तिरपं ऊन पडलं की एकेक कोरीव रेघ उठून दिसते.

आपल्याकडे पावसाळ्यात आभाळ दिवस दिवस भरलेलं असतं आणि लोकांना वाटतं, आता कसले फोटो! उलट माणसांचे फोटो काढायला ढगाळ दिवसासारखा दिवस नाही. सगळीकडून सारखा उजेड येतो, सावल्या कडक पडत नाहीत, कोणी डोळे बारीक करत नाही. चौकटीत आकाश मात्र कमी घ्या, कारण ते नुसतं पांढरंच येणार.

घरातही हेच. कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या त्या खव्याच्या मिठाईचा, फोटो ट्यूबलाइटखाली काढला तर त्याचा खमंग तपकिरी रंग मातकट होतो. वाटी खिडकीजवळ न्या, खोलीतला दिवा बंद करा आणि खिडकी एका बाजूला येईल असे उभे राहा. दिव्याचा आणि खिडकीचा उजेड एकत्र आला की फोन रंगांच्या बाबतीत गोंधळतो, म्हणून दोन्हींपैकी एकच ठेवायचा.

बोट ठेवा, दाबून धरा, सरकवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्या.

फोनला समोर दगड आहे की दूध, याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. तो चौकटीतला उजेड मोजतो आणि चित्र एकंदरीत मध्यम उजेडाचं व्हावं असा प्रयत्न करतो. नवे फोन त्याहून थोडे शहाणे आहेत. कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो एकत्र जोडण्याची एचडीआर ही सोय त्यांच्यात आपोआप चालते. तरी कल तोच राहतो. चौकटभर काळा दगड असला की फोन तो उजळवून राखाडी करतो आणि चौकटभर पांढरं धुकं असलं की ते मळवून टाकतो.

म्हणून हे करा :

१. जे महत्त्वाचं आहे त्यावर पडद्यावर बोट टेकवा. फोन तिथला फोकस आणि तिथला उजेड धरतो.

२. बोट एक-दोन सेकंद तसंच दाबून ठेवा. बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच कुलूपबंद होतात. आयफोनवर ‘एई/एएफ लॉक’ असं दिसतं, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कुलपाचं चिन्ह येतं.

३. शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह किंवा एक पट्टी दिसेल. ती खाली सरकवली की चित्र गडद होतं, वर सरकवली की उजळतं. डोळ्यांना समोर जसं दिसतंय तसं पडद्यावर दिसेपर्यंत सरकवा आणि मगच फोटो काढा.

कमल बस्तीत कमळावर बोट ठेवून पट्टी थोडी खाली आणा. दगड पुन्हा काळा होतो, पाकळ्यांच्या कडांवरचा उजेड उठतो. (किल्ल्याच्या परिसरात लष्कराचाही वावर आहे. जिथे फोटो काढण्यास मनाई असल्याची पाटी असेल तिथे फोन खिशातच राहू द्या. गाभाऱ्यातला फोटो विचारल्याशिवाय काढू नका.)

गोकाकला घटप्रभा साधारण ५२ मीटरवरून खाली कोसळते. भोवतीचा कडा गडद असतो. त्याला उजळवण्याच्या नादात फोन पाण्याचा फेस जाळून टाकतो, म्हणजे नुसता पांढराफटक करतो. तिथे बोट फेसावर ठेवा आणि पट्टी खाली घ्या. एकदा पांढरं जळालं की त्यातला तपशील नंतर कुठल्याही ॲपने परत येत नाही. गडद भाग मात्र बऱ्यापैकी उजळवता येतो, म्हणून शंका आलीच तर थोडं गडद काढलेलं बरं.

जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळी धुक्यात याच्या अगदी उलट. तिथे पट्टी जरा वर न्यायची, नाहीतर धुकं धुरासारखं दिसतं.

येळ्ळूरच्या राजहंसगडावर किंवा कुठल्याही उघड्या टेकडीवर माणूस आकाशासमोर उभा असला की चेहरा काळा पडतो. इथे तुम्हालाच ठरवावं लागतं : चेहरा हवा की आकाश? चेहरा हवा असेल तर त्यावर बोट ठेवा आणि आकाश पांढरं होऊ द्या, किंवा त्या माणसाला उजेडाकडे तोंड करून उभं करा. आकाश हवं असेल तर बोट आकाशावर ठेवा, पट्टी आणखी खाली न्या आणि माणसाची नुसती काळी आकृती घ्या. मावळतीला ती फार देखणी येते.

झूमऐवजी पाय

पडद्यावर दोन बोटं ताणून झूम केलं की ठराविक मर्यादेनंतर फोन चित्र फक्त कापून मोठं करतो, मग पानं तेलकट रंगासारखी चिकटलेली दिसतात. १ आणि २ या आकड्यांवर सहसा बरा फोटो येतो. ३ किंवा ५ साठी वेगळी लेन्स असेल तर तीही वापरा. एरवी चार पावलं पुढे जा.

०.५ किंवा ०.६ ची रुंद लेन्स अरुंद गल्लीत किंवा देवळाच्या मंडपात उपयोगी पडते, पण लग्नाच्या घोळक्यात ती वापरू नका. कडेला उभ्या असलेल्या मामांचं डोकं ताणून लांबट होतं आणि पुढे वर्षानुवर्षं अल्बममध्ये तसंच राहतं. त्यापेक्षा मागे सरका आणि १ वर काढा. एकट्याचा फोटो २ वर काढलात तर नाक मोठं दिसत नाही.

रात्रीची मिरवणूक

वैशाखातल्या शिवजयंतीची बेळगावातली चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, आणि खरी परीक्षा तिथे होते. काळोख, झगझगीत दिवे, आणि एकही गोष्ट स्थिर नाही.

नाइट मोड काही सेकंदांत अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर रचतो. त्यामुळे रोषणाई केलेली कमान किंवा रस्त्यावरच्या दिव्यांची रांग त्यात छान येते, पण तलवार फिरवणारा मावळा भुतासारखा पुसट होतो. हलत्या माणसांसाठी नाइट मोड बंद करा, रथावरच्या दिव्यांचा उजेड चेहऱ्यावर पडतोय अशी जागा धरा आणि बटण दाबून धरून एकामागून एक फोटो घ्या (आयफोनवर आणि इतर काही फोनवर बटण ओढावं लागतं). सजीव देखाव्यात पात्रं काही क्षण निश्चल होतात, त्या क्षणाची वाट पाहा. कोपर छातीशी टेकवा किंवा खांबाला टेकून उभे राहा.

फ्लॅश दोन-तीन मीटरच्या पलीकडे पोहोचत नाही. दूरच्या रथावर तो मारलात तर पुढच्या माणसाचं डोकं तेवढं उजळतं.

एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे काळे पट्टे येत असतील तर प्रो मोडमध्ये, म्हणजे सगळं हाताने ठरवता येतं त्या मोडमध्ये, शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवून पाहा. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. हे आकडे त्या लुकलुकीशी जुळतात आणि पट्टे बहुतेक वेळा जातात.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर किंवा वडगावच्या मंगाईच्या यात्रेत अनोळखी माणसाचा जवळून फोटो काढण्याआधी विचारा. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, नुसता फोन दाखवून मान हलवली तरी समजतं. नको म्हणाले तर नको.

घरी आल्यावर

एकाच प्रसंगाचे दहा फोटो असतील तर एक-दोन ठेवा. वाकडं क्षितिज सरळ करा, कडेचा पसारा कापा, सावल्या किंचित उजळवा. हे सगळं फोनच्या गॅलरीतच होतं, आणखी हवं असेल तर स्नॅपसीड फुकट मिळतं. रंगांची पट्टी ओढून भातशेती पोपटी करू नका, पावसाळ्यातलं आपलं हिरवं मुळातच पुरेसं गडद असतं.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना तो आपोआप लहान होतो. एचडी निवडलात तर जरा मोठा जातो. छापायला, फ्रेम करायला किंवा वार्षिक अंकाला द्यायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते.