जुनं सोडा मशीन बघायला जाताय? आधी ते बंद ठेवायला सांगा

फेब्रुवारी उजाडला की सांगली-मिरजेत जुन्या सोडा मशीनची विचारपूस सुरू होते. स्टँडसमोर, कॉलेजच्या कोपऱ्यावर किंवा यात्रेत गाडा लावायचा असतो, नवं मशीन परवडत नाही, आणि कुणीतरी धंदा बंद करून मशीन विकायला काढलेलं असतंच. जुनं घ्यायला हरकत नाही. पण चकचकीत पत्रा, रंगीत लाइट आणि एक ग्लास जिरा सोडा एवढ्यावर इसार देऊन येणारे मी बरेच पाहिलेत. त्यात मीही एकदा होतो.

जायच्या आदल्या दिवशी मालकाला फोन करून सांगा, ‘मशीन रात्रीपासून बंद ठेवा, मी आल्यावर चालू करू.’ सगळ्या तपासणीत मी याला पहिला मान देतो. सोड्याचा जोर थंडाव्यावर असतो. एकाच दाबाला ०° सेल्सिअसच्या पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्याच्या जवळपास निम्माच २०° च्या पाण्यात विरघळतो. सकाळपासून चालवून गार करून ठेवलेल्या मशीनचा पहिला ग्लास झकासच लागणार, कंप्रेसर थकलेला असला तरी. गेल्यावर टाकीला हात लावा. गार लागली तर दुसऱ्या दिवशी यायचं सांगून सरळ परत फिरा. कोमट असेल तर गार व्हायला किती वेळ लागतो ते मालकाला विचारा, स्विच स्वतः दाबा आणि घड्याळ लावा.

मशीन गार होतंय तोवर मागचा पत्रा खोलून घ्या. इथे सांगलीकरांना जास्त डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण आपल्याकडे पूर येऊन गेलेत: २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कितीतरी दुकानं दिवसच्या दिवस पाण्यात होती. त्यातली मशीनं धुऊन, रंग मारून पुढे विकली गेली. मी घेतलेलं त्यातलंच एक. बाहेरून नव्यासारखं. घरी आणून मागचा पत्रा काढला, तर कंप्रेसरच्या रबरी पायाखाली आणि बोल्टच्या भोकांत बारीक गाळ वाळून बसलेला. नखाने उचकटला तर पापुद्रेच्या पापुद्रे निघाले. तिसऱ्या आठवड्यात मोटरची वाइंडिंग जळाली. विकणाऱ्याने पुराबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं.

म्हणून स्क्रूच्या खाचा, वायरींच्या नळ्या, पंख्याच्या पात्यांची आतली बाजू टॉर्च लावून बघा. आतल्या पत्र्यावर एकाच उंचीला गंजाची आडवी रेघ दिसली, किंवा खालच्या अर्ध्या भागातल्याच वायरी नव्या असल्या, तर समजून घ्या.

आता कार्बोनेटर, म्हणजे पाणी आणि गॅस एकत्र होतात ती स्टीलची टाकी. तिचा पंप गॅसच्या दाबावर मात करून पाणी आत ढकलतो. पाण्याविना कोरडा चाललेला पंप खरखरतो. चांगल्याचा आवाज एकसारखा येतो. मशीन जत, आटपाडीकडून आलं असेल तर पाणी बोअरचं होतं का विचारा आणि जोडाजवळ क्षार धरलाय का बघा. काहीजण स्टील तपासायला लोहचुंबक घेऊन जातात. त्याने पूर्ण कळत नाही, कारण हलकं २०२ स्टीलही सहसा चुंबकाला चिकटत नाही. वेल्डिंगचे जोड बघा, गंज तिथे आधी दिसतो.

आणि एक गोष्ट कितीही स्वस्तात मिळालं तरी सोडू नका. कार्बोनेटरपासून नोझलपर्यंत सोडा जातो त्या वाटेत तांब्याची नळी किंवा पितळी जोड नको. सोडा आम्लधर्मी असतो, त्यात तांबं उतरतं आणि पिणाऱ्याला मळमळ, उलट्या होऊ शकतात. कूलिंगची तांब्याची कॉइल वेगळी, तिच्यात फ्रिजसारखा थंडाव्याचा गॅस फिरतो, पिण्याचा सोडा नाही. पंप आणि कार्बोनेटरच्या मधला एकेरी व्हॉल्व्हही शाबूत हवा, नाहीतर सोडा उलटा पाण्याच्या लाइनमध्ये शिरतो. आपल्या गाड्यावर शाळेची पोरं ग्लास पिणार आहेत, इथे तडजोड नको.

मशीन गार झालं की एकाच नोझलमधून लागोपाठ वीस ग्लास साधा सोडा काढा. मालक कुरकुर करेल, करू दे. यात्रेत गर्दी थांबून राहत नाही. पहिला, दहावा आणि विसावा ग्लास बाजूला ठेवून पाच मिनिटांनी चाखा. विसावा कोमट आणि मिळमिळीत लागला तर कूलिंग कमी पडतंय. वर नुसता फेस आणि खाली बेचव पाणी असेल, तर बहुतेक गॅसचा दाब वाढवून कमजोरी झाकलीय.

मग सिलिंडरचा कॉक बंद करा आणि सोडा न काढता पंधरा मिनिटं दाबाचा काटा बघत बसा. काटा उतरला तर गळती आहे. साबणाचा फेस लावला की जागा सापडते.

सिलिंडर सोबत देत असतील तर तो वजनकाट्यावर ठेवा. आत द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत दाब फारसा उतरत नाही, त्यामुळे दाबाच्या काट्यावरून किती गॅस उरलाय ते कळत नाही. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या गळ्याजवळ कोरलेलं असतं, शेवटच्या दाब-चाचणीची तारीखही. ही चाचणी दर पाच वर्षांनी लागते. सिलिंडर विकणाऱ्याचा स्वतःचा आहे की गॅसवाल्याकडून डिपॉझिटवर घेतलेला, याची पावती मागा.

विजेचं काम ओळखीच्या फ्रिज मिस्त्रीला सोबत नेऊन करा. टंग टेस्टर लावून कंप्रेसर किती अँपिअर ओढतोय ते पाटीवरच्या आकड्याशी ताडून बघायला त्याला दोन मिनिटं लागतात. अर्थिंग मात्र स्वतः उभं राहून तपासून घ्या. ओल्या हातांनी दिवसभर या पत्र्याला शिवायचं आहे.

भाव ठरवताना सिरपच्या सगळ्या नळ्या आणि वायसर बदलायचा खर्च आधीच वजा करा, कारण ते बदलावेच लागतात. घाई नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये शोधा. पाऊस लागला की विकणारा नरमतो. पावतीवर मशीनचा नंबर लिहून घ्या.

छोट्या हत्तीतून आणताना मशीन उभंच बांधा. आडवं आणावं लागलंच, तर घरी उभं करून रात्रभर तसंच ठेवा, म्हणजे कंप्रेसरचं तेल खाली बसतं. सकाळी आधी पाणी जोडा, नळ्या स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढा, आणि मगच गॅस सोडा.