लाल चोपडीसारखी शिवलेली रोजनिशी, घरच्या घरी

वाण्याच्या गल्ल्याशेजारची लाल चोपडी आठवते? लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लागलेली, लाल कापडावर पांढऱ्या दोऱ्याचे ठसठशीत टाके. ती कुठेही उघडा, पानं सपाट पडतात. दुकानातल्या बऱ्याच देखण्या डायऱ्यांना हे जमत नाही, कारण त्यांची पानं कण्याला नुसती डकवलेली असतात. डाव्या हाताने दाबून धरावी लागणारी वही चौथ्या दिवशी कपाटात जाते, हा माझा अनुभव. म्हणून ही रोजनिशी शिवायची. कव्हर कसंही चालेल, शिलाई नीट हवी.

सामान बहुतेक घरातच सापडेल: ए-थ्री आकाराचे १० कोरे कागद, एक जाड कार्डशीट, मांजरपाट किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा, अस्तरासाठी एक कागद, गोधडीचा दोरा, मेणबत्ती, दाभण, बोथट सुई, पट्टी, कटर. आणि खळ.

ए-फोरऐवजी ए-थ्री का, ते आधी सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. कागदातले तंतू एका दिशेने पहुडलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती निमूट बसते. आडवी घातली तर कागद फुगून उभा राहतो आणि वही कायम अर्धवट जांभई दिल्यासारखी दिसते. झेरॉक्सच्या ए-फोर कागदात तंतू बहुधा लांबीला धरून असतात आणि आपली घडी नेमकी त्यांना आडवी येते. त्याच जातीचा ए-थ्री कागद मधोमध कापला की मिळणाऱ्या दोन ए-फोर तुकड्यांत तंतू आखूड बाजूने धावतात आणि घडी बरोबर पडते. खात्री करायची तर कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्याच बाजूने घडी घालायची. कार्डशीटलाही हीच परीक्षा.

२० तुकडे झाले. पाच-पाच एकत्र घेऊन घडी घाला आणि चमच्याच्या पाठीने घोटा. अशा एका गठ्ठ्याला बाइंडर लोक जुज म्हणतात. आपले चार जुज, म्हणजे ८० पानं. रात्रभर वजनाखाली ठेवा. आतली पानं कडेला अर्धा मिलिमीटर बाहेर डोकावतील, त्यांच्या मागे कटर घेऊन लागू नका.

आता कव्हर. दोन चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की खळ झाली. बाइंडर किडीसाठी तिच्यात मोरचूद टाकतात. ते विष आहे. घरच्या भांड्यात नको, त्यापेक्षा खळ ताजी करून दोन दिवसांत संपवा. फेविकॉलही चालतो, पण तो लगेच धरतो. खळीत कापड सरकवून नीट करायला दोन-चार मिनिटं मिळतात.

कार्डशीट २१.६ सेंमी उंच आणि ३१.२ सेंमी रुंद कापा. मधोमध ८ मिलिमीटर अंतरावर दोन उभ्या रेघा संपलेल्या रिफिलने दाबून पाडा. तो कणा. (तुमचा कागद जाड असेल तर चारही जुज दाबून जाडी मोजा आणि तेवढा कणा धरा.) कापड चारही बाजूंनी दोन सेंमी जास्त ठेवा. खळ कार्डशीटला लावायची, कापडाला नाही. नाहीतर ती कापडातून वर येते आणि डाग पडतात. तळहाताने मधून कडेकडे बसवत जा, कोपरे तिरके कापून कडा आत दुमडा. मग आतून अस्तराचा कागद.

माझ्या पहिल्या वहीला मी अस्तर लावलंच नव्हतं. सकाळी बघते तर कव्हर पापडासारखं वळलेलं. ओलं कापड वाळताना आक्रसतं आणि कार्डशीटला आपल्याकडे ओढतं. आतून कागद लावला की दोन्हीकडची ओढ सारखी होते. अस्तरासाठी हातकागद छान दिसतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे, तिथे रंगीत ताव बघत उभं राहिलं की वेळ कसा जातो कळत नाही. वर-खाली वर्तमानपत्र, त्यावर पोळपाट, त्यावर तांदळाचा डबा. तासाभराने वर्तमानपत्र बदला आणि रात्रभर वाळू द्या. पावसाळ्यात दोन रात्री.

छिद्रांसाठी २१ सेंमी लांबीची कागदी पट्टी उभी दुमडून तिच्यावर २, ७.५, १३.५ आणि १९ सेंमीवर खुणा करा. प्रत्येक जुज उघडून पट्टी घडीत ठेवा आणि दाभणाने टोचा. कव्हरच्या कण्यावर याच उंचीला चार उभ्या रांगा, दोन-दोन मिलिमीटर अंतराने. पट्टीची वरची कड कव्हरच्या कडेपासून ३ मिलिमीटर खाली धरायची. खाली जुनी रबरी चप्पल घेतली की दाभण छान रुततं.

सव्वा मीटर दोरा मेणबत्तीवरून तीनदा ओढा. मग तो गुंतत नाही. पहिला जुज कव्हरमध्ये बसवा. सुई बाहेरून पहिल्या छिद्रात आत घाला, १० सेंमी शेपूट बाहेर सोडा. आतून दुसऱ्या छिद्राकडे जाऊन बाहेर, कण्यावरून तिसऱ्यात आत, चौथ्यातून बाहेर. आता शेजारच्या रांगेच्या चौथ्या छिद्रातून दुसऱ्या जुजात शिरा आणि तसंच उलटं वर या. पहिल्या छिद्रातून बाहेर आलात की सोडलेल्या शेपटाशी घट्ट गाठ मारा. तिथूनच तिसऱ्या रांगेत, मग खालून चौथ्या. शेवटी सुई शेजारच्या छोट्या टाक्याखालून काढून परत त्याच छिद्रातून आत घ्या आणि आतल्या टाक्याला दोन गाठी मारा. शेपूट टाक्यांखाली खोचून टाका.

दोरा ताणताना नेहमी कण्याला समांतर ओढा. वर खेचलात तर छिद्राशी कागद टरकन फाटतो, आणि ते हमखास तिसऱ्या जुजाला होतं, म्हणजे उसवायला सगळं. टाका इतकाच घट्ट हवा की नखाने उचलला तर जेमतेम उचलला जावा.

छिद्रांची कागदी पट्टी फेकू नका. तीच वहीत खूण म्हणून घाला. पुढची वही शिवताना लागेल.