घरी शिकणाऱ्या मुलाची गणिताची उजळणी : या चुका टाळा

भागाकार येत नाही म्हणून रोज भागाकाराचीच वीस उदाहरणं द्यायची. घरी शिकवणाऱ्या पालकांची ही सगळ्यांत लाडकी चूक, आणि सगळ्यांत महागडीही, कारण तिच्यात महिनेच्या महिने जातात. गणितात मूल अडतं एका ठिकाणी आणि कच्चं राहिलेलं असतं दोन इयत्ता मागे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी घरातली दहा वर्षांची मुलगी घ्या. ८४८ ÷ ४ बरोबर. ९६ ÷ ४ बरोबर. ३,००६ ÷ ९ आलं की गाडी अडली. आईचं निदान ठरलेलं : पोरीचं ध्यान नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वहीभर भागाकार झाले. आई कापूस वेचायला जाताना उदाहरणं लिहून ठेवायची आणि संध्याकाळी तपासायची, निम्मी चूक. मग ‘इतकं सोपं येत नाही काहून तुले?’ आणि रडारड. बापाने नागपूरहून सरावाचं जाडजूड पुस्तक आणलं. त्यातही भागाकारच.

वही ओळीओळीने वाचल्यावर दिसलं की भागाकार तिला येतच होता. नव त्रिक सत्तावीस बरोबर म्हणून तिने ३० खाली २७ लिहिले होते आणि वजाबाकी केली होती १७. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य काढलं. तीनातून दोन गेले, राहिला एक. बाकी भाजकापेक्षा लहान हवी हे आईने पाठ करून घेतलेलं, आणि इथे बाकी १७, भाजक ९. म्हणून तिने त्याच बाकीला पुन्हा भाग लावला आणि तिथून पुढे सगळं भरकटलं. ८४८ आणि ९६ मध्ये हातचा घ्यावाच लागत नाही, म्हणून ती उदाहरणं सुटायची. तिलाच तोंडी विचारलं, ‘तीस रुपयांतून सत्तावीसचं सामान आणलं, परत किती?’ तर उत्तर लगेच : ‘तीन!’ दुकानातली वजाबाकी आणि वहीतली वजाबाकी या तिच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

म्हणून भागाकाराला हात लावण्याआधी चार वजाबाक्या उभ्या मांडून द्या : ५२ − २७, ६० − ३४, ३०५ − १४८, ५०० − २८७. उत्तर बरोबर की चूक एवढंच पाहू नका, चूक कोणती आली ते पाहा. पहिल्याचं उत्तर ३५ आणि शेवटच्याचं ३८७ आलं, तर मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतंय, वर कोणता आणि खाली कोणता हे न बघता. शेवटच्याचं उत्तर १२३ आलं तर दुखणं वेगळं : हातचा घेणं येतं, पण मधल्या शून्यावरून उडी मारून दोन्ही वेळा थेट पाचाकडूनच घेतलं. पाचाचे चार, चाराचे तीन, तीनातून दोन गेले एक. दोन्ही मुलांना ‘वजाबाकी येत नाही’ म्हणून एकच पान सोडवायला देणं म्हणजे ताप आणि हगवणीला एकच गोळी.

दोन्हींवर उपाय कागदी नोटांचा. वहीच्या पानांच्या शंभराच्या १०, दहाच्या २० आणि एकाच्या २० नोटा करा. एका डब्याची ‘बँक’ करा. मुलाच्या हातात शंभराच्या पाच नोटा द्या आणि २८७ मागा. चिल्लर नाही, म्हणून शंभराची एक नोट बँकेत देऊन दहाच्या दहा घ्यायच्या, त्यातली एक देऊन एकाच्या दहा घ्यायच्या. प्रत्येक मोड केली की त्याच क्षणी वहीत अंक खोडून वर नवा लिहायचा : पाचाचे चार, दहाचे नऊ, शेवटी दहा. आधी सगळ्या नोटा हाताळून नंतर वहीत लिहिलं, तर दोन्हींचा संबंध डोक्यात जुळत नाही. इथे घाई करू नका. आठवडाभर नोटा आणि वही बरोबर. दुसऱ्या आठवड्यात आधी वही, नोटा फक्त ताळ्यासाठी. तिसऱ्या आठवड्यात नोटा डब्यात, आणि ताळा बेरजेने : २१३ + २८७ = ५००. हा ताळा मुलानेच करायचा. ‘माय, बरोबर हाय न?’ असं प्रत्येक उदाहरणाला विचारणारं मूल परीक्षेत विचारणार कुणाला?

भागाकारातली खरी भागाकाराची चूक एकच फार दिसते : ६१२ ÷ ६ = १२. मधलं शून्य गायब. भाग लावायच्या आधी ‘उत्तर किती अंकी येईल?’ हे लिहून घ्या. सहाशेला सहाने भागलं तर शंभर, म्हणजे उत्तर तीन अंकी. मग १२ आलं की मूल स्वतःच थबकतं.

दशांशात एकर-गुंठे घुसवणे

ही चूक मुलांची नाही, आपली आहे. गावात सगळेच दोन एकर वीस गुंठे ‘२.२०’ असं लिहितात, आणि तेच मूल पाहतं. पण एकराचे गुंठे ४०, त्यामुळे दोन एकर वीस गुंठे म्हणजे अडीच एकर, २.५. एकरी ५० किलोची एक बॅग खत धरलं तर लागतं १२५ किलो. २.२० धरून मुलाने गुणाकार केला तर येतात ११०. गुणाकार अगदी बरोबर, उत्तर चूक, आणि मुलाला कळतच नाही की कुठे बिनसलं. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं, आणि हेक्टरचे आर १००. तिथला ०.८१ खरा दशांश आहे : ८१ आर, म्हणजे साधारण दोन एकर. सातबाऱ्याचा उतारा आणि गावातली तोंडी भाषा शेजारी ठेवून फरक दाखवा. क्रिकेटचं उदाहरणही पोट्ट्यांना लवकर पटतं : ४.३ षटकं म्हणजे साडेचार षटकं, कारण षटकाचे चेंडू सहा. अडीच तासांना २.३० लिहिण्यातही तीच गोम.

दशांश शिकवायला क्विंटल घ्या. आपल्याकडे ज्या मुलाने कापसाचं वजन होताना पाहिलं नाही असं मूल मिळणार नाही, आणि क्विंटल शंभराचा असल्याने काही बदलावं लागत नाही. पहिलं दशांशस्थळ दहा-दहा किलोंचं, दुसरं एकेका किलोचं. ०.४५ मोठं की ०.६? ‘पंचेचाळीस मोठे’ म्हणणाऱ्या मुलाला विचारा, ४५ किलो जास्त की ६० किलो? मग ७ क्विंटल ५ किलो लिहायला सांगा. बहुतेक मुलं ७.५ लिहितात. समजा भाव ७,००० रुपये : ७.०५ ला ४९,३५० होतात, ७.५ ला ५२,५००. मधले ३,१५० रुपये पाहिल्यावर त्या शून्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. गुंठे आणि तास मात्र दशांश पक्का होईपर्यंत उदाहरणांत आणूच नका.

पाढा म्हणता येतो म्हणजे येतो असं समजणे

सात एके सातपासून धावत जाऊन ‘सात आठे छप्पन्न’ला पोचणाऱ्या मुलाला पाढ्याची चाल येते. मधूनच ‘सात आठे?’ विचारा. तीन सेकंदांत उत्तर आलं तर येतं. उलटंही विचारा : ५६ कोणकोणत्या पाढ्यांत येतात? भागाकाराला हेच लागतं. आणि तीसपर्यंत पाढे घोकून घ्यायच्या आधी हिशोब करा. दोन ते नऊपर्यंतचे गुणाकार, उलटसुलट एकच धरले, तर ३६ भरतात. दोन आणि पाचचे पाढे बहुतेकांना येतातच, ते काढले की उरतात २१. एवढेच. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे २१ तुकडे कापा, पुढे गुणाकार, मागे उत्तर. तीन डब्या ठेवा : पहिली रोज, दुसरी तीन दिवसांनी, तिसरी आठवड्याने. बरोबर आलं की पत्ता पुढच्या डबीत, चुकलं की थेट पहिलीत. ६ × ७, ६ × ८ आणि ७ × ८ पहिल्या डबीत सगळ्यांत जास्त मुक्काम करतात. तिथे चिडू नका. बोटं मोजली तर हात ओढू नका, तो पत्ता अजून पक्का नाही एवढंच त्यावरून समजायचं.

पावकी, निमकी, दिडकीची, म्हणजे पाव, अर्धा आणि दीडच्या पाढ्यांची, टिंगल करणारे हल्ली फार आहेत. ज्याला दीड पंचे साडेसात येतं त्याला अपूर्णांकांच्या गुणाकाराची भीती वाटत नाही.

एकोणसाठ लिहायला सांगून न पाहणे

तिसरी-चौथीच्या वयाचं मूल बेरीज चुकतं तेव्हा कधीकधी त्याने संख्याच चुकीची लिहिलेली असते. ‘एकोणसाठ’ म्हटलं की साठ ऐकून ६१ किंवा ६९. ‘त्रेचाळीस’ला आधी तीन ऐकू येतात म्हणून ३४. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशा पद्धतीचं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. पण अडचण खरीच होती. तुम्ही कोणतीही पद्धत वापरा, रोज पाच संख्या तोंडी सांगून लिहून घ्या, त्यात २९ ते ८९ पर्यंतच्या एकोणवाल्यांपैकी दोन असू द्या. नव्याण्णव वेगळं सांगा, तिथे एकोणशंभर होत नाही.

बाकीच्या थोडक्यात

मोबाईलवरच्या युक्त्या. ‘एकूण शब्द आला की बेरीज’ हे शिकलेलं मूल, दोघींनी मिळून एकूण ४३ किलो कापूस वेचला, एकीने १८, तर दुसरीने किती, याचं उत्तर ६१ देतं. ‘दहाने गुणायचं म्हणजे शून्य लावायचं’ हे २.५ × १० ला २.५० करतं. युक्ती शिकवायचीच असेल तर मूल ती सिद्ध करून दाखवू शकेल तेव्हा.

रविवारी दोन तास. रोज वीस मिनिटं बसा, १२ उदाहरणं : चार आजची, चार मागच्या आठवड्यातली, चार मागच्या महिन्यातली, आणि तीही मिसळलेली. एकाच प्रकारची पन्नास ओळीने दिली तर तिसऱ्यानंतर मूल विचार करायचं थांबतं आणि हात चालवतं.

खोडरबर. उजळणीच्या वहीत बंदी. चुकीवर एक रेघ, शेजारी नवं उत्तर. खोडलेल्या चुकीवरून तुम्हाला काहीच कळत नाही.

‘कसं केलंस?’ फक्त चुकल्यावर विचारणे. बरोबर उत्तरालाही विचारा, नाहीतर प्रश्न ऐकताच मूल उत्तर खोडायला लागतं.

खालच्या इयत्तेचं पुस्तक समोर टाकणे. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. हवी तीच पानं छापा, इयत्ता दिसू देऊ नका. पाचवीच्या वयाच्या मुलाला ‘दुसरी’ असं लिहिलेलं पुस्तक पाहून जे वाटतं त्यावर कुठलीही नोटांची बँक चालत नाही.

शेजारच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या धड्याशी बरोबरी. तुमचं मूल राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) मुक्त मूलभूत शिक्षणातून जाणार असेल तर तिथले अ, ब, क स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे आहेत. मध्ये वर्षं आहेत, तेवढी वापरा.

उन्हाळा. होळीनंतर दुपारी जेवण करून गणिताला बसवणं हा दोघांचाही छळ आहे. सकाळी सातला, ऊन तापायच्या आत उरका. आणि आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून घरची उजळणीही तोवर बंद ठेवू नका. तिन्ही डब्या आणि पाच संख्या, रोज दहा मिनिटं, मे महिन्यातही. लग्नाला गावी गेलात तर पत्ते पिशवीत टाका.

पुढे कधी जायचं? तीन वेगवेगळ्या दिवशी, मदतीशिवाय, पाचपैकी पाच बरोबर आल्यावर. एकाच दिवशी पंधरापैकी पंधरा आले तर तो एकच दिवस धरायचा.