ओढ्याचं पात्र हलवण्याच्या नोकरीत: सिअ‍ॅटलमधली पहिली तीन वर्षं

‘क्रीक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ठाण्याची खाडी येते. एमएससाठी सिअ‍ॅटलला गेल्यावर पहिल्याच साइटवर मी भरतीची वेळ विचारली आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले. तिथे क्रीक म्हणजे साधा ओढा, कधी कधी तर उडी मारून ओलांडता येईल एवढाच.

‘सिव्हिल केलंय, पाण्यातलं काम आवडतं, पण धरणं-कालवे नकोत’ असे मेसेज अधूनमधून येतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. ओढ्याचं जुनं, सरळ केलेलं पात्र सोडून शेजारी नवं, वळणदार पात्र खोदायचं, म्हणजे पूरही आवरेल आणि माशांनाही घर मिळेल, असं हे काम आहे. ऐकायला सोपं वाटतं.

विद्यार्थी असताना आम्हाला थॉर्नटन क्रीक दाखवायला नेलं होतं. शहराच्या ईशान्येकडून लेक वॉशिंग्टनला मिळणारा हा ओढा घरांच्या मधोमध कोंडला गेला होता. पालिकेनं वारंवार पाण्याखाली जाणारी घरं विकत घेऊन पाडली, दोन फाटे मिळतात तिथे २०१४मध्ये पात्र रुंद आणि वळणाचं केलं, रस्त्याखालची अरुंद मोरी बदलली. मला सर्वांत नवल वाटलं ते तळाखालच्या कामाचं. तळाखाली वाळू-गोट्यांचा जाड थर मुद्दाम घातला होता, कारण ओढा फक्त वरून वाहत नाही, खालच्या गोट्यांतूनही वाहतो. तिथे पाणी थंड राहतं, थोडं स्वच्छ होतं आणि माशांच्या अंड्यांना प्राणवायू मिळतो. २०१८च्या शरदात चिनूक जातीच्या साल्मन माशांनी या नव्या भागात अंडी घातली.

माझं इथलं शिकण्यापेक्षा शिकलेलं विसरणं जास्त झालं. पात्रातल्या पाण्याचा वेग काढायचं मॅनिंगचं सूत्र आपल्याला शिकवतात ते पाणी लवकरात लवकर बाहेर काढण्यासाठी. काँक्रीटचा एन, म्हणजे खडबडीतपणाचा आकडा, ०.०१५ धरा, पात्र गुळगुळीत करा, पाण्याची पातळी उतरते. इथे आम्ही ओंडके टाकतो, काठाला विलो या पाणथळीतल्या झाडाच्या काड्या रोवतो आणि तो एन मुद्दाम ०.०४-०.०५ वर नेतो. पाणी हळू होतं, म्हणजे पातळी चढणार. मग पूर कसा आवरायचा? जागा देऊन. काठ उतरते करून पूरमैदान खाली आणायचं, म्हणजे वर्ष-दीड वर्षातून एकदा येणारं पाणी पात्राबाहेर पसरतं. गुळगुळीत कालव्यात ते पसरत नाही, खालच्या वस्तीत जाऊन आदळतं. मिठी नदी विमानतळाजवळ काटकोनात वळवून भिंतींत बसवलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, तेवढ्यापुढे कुठलंच पात्र पुरलं नसतं, हे खरं. पण पसरायला जागाच न ठेवणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि तो पावसाच्या नावावर खपवता येत नाही.

शिकायचं काय, तर नदीतल्या पाण्याची पातळी काढणारं हेक-रास हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ते भारतातूनच हाताळायला लागा. पण फक्त त्याच्या जोरावर येऊ नका. नदीचं भूरूपशास्त्र आणि झाडांची ओळख यांचा एकेक विषय घ्याच. सर्व्हेला कंटाळू नका. गोटे मोजणं ही इथली मुळाक्षरं आहेत. ओढ्यात चालत जायचं, बुटाच्या टोकाशी न बघता बोट लावायचं, हाताला लागेल त्या गोट्याचा आकार मोजायचा, असे शंभर गोटे. न बघता हे महत्त्वाचं, कारण बघितलं की माणूस मोठाच उचलतो.

माझी चूक सांगतो. रस्त्याखालच्या मोरीचे आकडे मी जुन्या नकाशावरून घेतले आणि तळाचे नव्या सर्व्हेवरून. जुना नकाशा १९२९च्या उंची-संदर्भावर (उंची जिथून मोजतात त्या शून्य पातळीवर) होता, सर्व्हे १९८८च्या. सिअ‍ॅटलमध्ये या दोहोंत सुमारे साडेतीन फुटांचा फरक पडतो. माझ्या मॉडेलमध्ये मोरी तळाखाली गाडली गेली होती आणि मी ‘गाळ भरला असेल’ म्हणून पुढे गेलो. दोन आठवड्यांनी वरिष्ठ बाईंनी एकच प्रश्न विचारला, “तू मोरीत डोकावलास का?” नव्हतो डोकावलो.

पाण्यात उतरून काम करायची परवानगी उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांपुरती असते, साल्मन अंडी घालायला समुद्रातून परतायच्या आत आवरावं लागतं. त्या दिवसांत सुट्टी मागू नका, गणपतीलासुद्धा. नवं पात्र आधी कोरड्यात खोदून ठेवतात. मग जुन्या पात्राला दोन्ही टोकांना जाळी लावून जीवशास्त्रज्ञ सौम्य विजेच्या झटक्यानं मासे गुंगवतात आणि बादल्यांतून हलवतात. त्यानंतर पाणी थोडं थोडं सोडतात. इथे एक गंमत कुठल्या पुस्तकात मला सापडली नव्हती: नुसते धुतलेले गोटे टाकले तर सगळं पाणी त्यांच्या फटींत उतरतं आणि नवा ओढा कोरडाच दिसतो. म्हणून बारीक वाळू-माती पाण्याच्या फवाऱ्यानं गोट्यांत आधी मुरवावी लागते. पहिलं गढूळ पाणी खाली जाऊ न देता पंपानं बाजूच्या गवतावर सोडतात.

नोकरीचं बोलायचं तर शिकत असतानाच एफई, म्हणजे इंजिनिअरच्या परवान्याची पहिली परीक्षा, देऊन टाका. एसटीईएम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) पदवीवर शिक्षणानंतर काम करायला एकूण तीन वर्षं मिळतात. पुढच्या व्हिसाचं मुलाखतीतच विचारा, संकोच करू नका. लोकरीचे मोजे मात्र पहिल्या पगाराआधीच घ्या.

आमच्या ओढ्याला पहिला मोठा पाऊस ऑक्टोबरात झाला. रात्री टॉर्च घेऊन गेलो, तर पाणी ठरवलेल्या जागी काठ ओलांडून गवतात पसरलं होतं. सकाळी पाहिलं तर एक ओंडका जागेवर नव्हता. तो कुठे जाऊन अडकलाय ते नकाशावर टिपायचं काम सगळ्यांत कनिष्ठ माणसाचं, म्हणजे माझं.