बलुत्यावरची दोन पुस्तकं

नव्याने शाळेत रुजू झालेल्यांना मी एक गोष्ट आग्रहाने सांगते. इतिहासाचा धडा घेण्याआधी त्या विषयावरची दोन पुस्तकं वाचा, आणि ती एकमेकांशी भांडणारी निवडा. मला हे उशिरा कळलं आणि त्याचा त्रास वर्गातल्या एका मुलाला झाला.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. बारा बलुतेदारांची, म्हणजे गावची कामं करून पिकातला वाटा (बलुतं) घेणाऱ्यांची, नावं फळ्यावर लिहिली, मुलांकडून घोकून घेतली आणि धड्यात जीव यावा म्हणून विचारलं, "पूर्वी कुणाच्या घरी कुठलं काम होतं रे?" सुताराचा पोरगा बोलला, कुंभाराची मुलगी बोलली. मागच्या बाकावरचा एकजण खाली मान घालून पट्टीने बाकाची कड खरवडत होता. मी त्याला नाव घेऊन उभं केलं. तो उभा राहिला, पण तोंडातून शब्द निघाला नाही. पुढचे दोन दिवस तो शाळेत आला नाही.

त्या शनिवारी मी तालुक्याच्या वाचनालयात गेले. आधी हाती लागला त्रिंबक नारायण आत्र्यांचा १९१५ सालचा 'गावगाडा'. खळ्यावरून कुणाला किती धान्य जातं, कुणाचा कशावर हक्क, हे इतक्या बारकाईने लिहिलेलं मी कुठेच वाचलं नव्हतं. पण हे सगळं आत्रे कुणब्याच्या बाजूने बघतात. राबणाऱ्याच्या पिकावर किती जणांचे हात पडतात, ही त्यांची तळमळ. मग दया पवारांचं 'बलुतं' वाचलं, १९७८ सालचं. तिथे मेलेलं ढोर ओढणारा, मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात गावोगाव धावणारा माणूस स्वतः बोलतो. शब्द तोच, बलुतं. एकाला तो देणाऱ्यावरचा भार दिसतो, दुसऱ्याला घेणाऱ्याचा अपमान. नुसतं पहिलं वाचून थांबले असते तर मी पुन्हा तोच प्रश्न विचारला असता.

आणखी एक गोष्ट त्यानंतर शोधली. वतनाच्या, म्हणजे पिढीजात गावकामाच्या, कायद्यात बदल व्हावा म्हणून डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं ते १९२८ साली. महारकीसारखी कनिष्ठ गावकी वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. मधे तीस वर्षं गेली. म्हणजे त्या मुलाच्या आज्याने ते काम स्वतः केलेलं असू शकत होतं, आणि मी खुशाल 'पूर्वी' म्हणाले होते!

तो परत आला तेव्हा मी त्याची एकट्यात माफी मागितली. आता मी कुणाच्या घरचं विचारत नाही. दोन्ही पुस्तकांतला एकेक उतारा वाचून दाखवते आणि विचारते, यात कोण बोलतंय, आणि कोणाला बोलायला मिळालेलं नाही? या प्रश्नावर तास कमी पडतो.

वाचायला वेळ कुठून आणायचा, हे सगळेच विचारतात. मी रोज दहा पानं वाचते, पेन्सिल हातात घेऊन. समासात फक्त प्रश्न लिहिते. जाड ग्रंथाने सुरुवात करू नका, धीर सुटतो. त्यापेक्षा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन वाचा, एका बैठकीत होतं. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची तोंडओळख, आरोग्य: खेड्यातल्या मुलाला काय शिकवावं ते त्यात नेमकं सांगितलं आहे. शिक्षकाचा पगार किती असावा, तोही आकडा आहे.

त्यातली एक ओळ मी दर जूनमध्ये पुन्हा काढून वाचते. गरज पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्यांना लाज वाटणार नाही, असे शिक्षक जोतीरावांना हवे होते. बारा नावं मी फळ्यावर लिहिली त्या दिवशी त्यांतल्या एकाही कामाला माझा हात लागलेला नव्हता.