स्कूटर ढकलता येत नव्हती, दोष कंट्रोलरचा निघाला

आमची ६० व्होल्टची इलेक्ट्रिक स्कूटर चढावर बंद पडली आणि नंतर ढकलताही येईना. चाक अडकत-अडकत फिरायचं. "मोटर गेली," गॅरेजवाल्याने सांगून टाकलं. मी कंट्रोलरपाशी (बॅटरीची वीज मोटरला देणारा डबा) मोटरच्या तीन जाड वायरी सोडवल्या. चाक लगेच मोकळं! म्हणजे मोटर ठीक, संशय कंट्रोलरमधल्या मॉसफेटवर (मोटरची वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच).

बॅटरी काढली, कंट्रोलरमधला वीज साठवणारा कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा केला (हे टाळू नका, झकास ठिणगी उडते). मल्टिमीटर डायोड तपासायच्या सेटिंगवर. काळी पिन कंट्रोलरच्या बॅटरीच्या प्लस वायरवर, लाल पिन एकेका फेजला (मोटरच्या त्या तीन वायरी जोडतात ती टोकं): तिन्हीकडे ०.५ व्होल्टच्या आसपास. मग लाल पिन मायनसवर, काळी फेजवर. पिवळी, हिरवी बरोबर. निळीवर जवळजवळ शून्य आणि बझरची किरकिर, म्हणजे तिथे शॉर्ट.

निळ्या फेजचे खालचे (फेज आणि मायनसच्या मधले) सगळे मॉसफेट बदलले. समांतर जोडलेल्यांतला एक गेला की उरलेल्यांचा भरवसा नसतो. गेटचा (मॉसफेटला चालू-बंदचा इशारा मिळतो तो पाय) रेझिस्टरही जळाला होता. तो तसाच ठेवला असता तर नवे मॉसफेटही गेले असते. हीटसिंकची पेस्ट वाळून भुगा झालेली, तीही नवी लावली.

बॅटरी पहिल्यांदा १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालूनच जोडली. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला, म्हणजे शॉर्ट नाही. पेटलेलाच राहिला असता तर पुन्हा उघडायला लागलं असतं.