पिल्लाचे इटालियन नाव निवडताना

पिल्लाचे नाव इटालियन ठेवायचे असेल, तर ‘लूना’ (चंद्र) किंवा काळ्याभोर पिल्लासाठी ‘नेरो’ (काळा) अशी दोन अक्षरी नावे हाक मारायला सोपी पडतात. मात्र ज्या घरात पिल्लाला ‘नो’ म्हणून दटावले जाते, तिथे त्याच ध्वनीने संपणारे ‘ब्रूनो’ टाळलेले बरे. लुईजीचे लाडके रूप ‘जीजी’ आहे, पण घरात कुणा वडीलधाऱ्या जीजी असतील तर त्याचा विचारही करू नये. मला स्वतःला ‘फीदो’ आवडते, कारण लॅटिनमधील ‘विश्वासू’ या अर्थाच्या शब्दावरून आलेले हे नाव इटलीतील बोर्गो सान लोरेन्झोजवळच्या एका कुत्र्याने सार्थ केले: १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात मालक गेल्यावर तो १४ वर्षे बसथांब्यावर त्याची वाट पाहत राहिला.